शिदोरी बांधणाऱ्या बायका

आज मी तुम्हांला लांबच्या देशातली, सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणार आहे. दोन लहान राज्यांनी मोठ्या साम्राज्याशी लढायची तयारी कशी केली आणि त्या तयारीत काय राहून गेलं, त्याची.

दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही दोन प्रजासत्ताकं होती. राजा नाही, लोक अध्यक्ष निवडत. पण ‘लोक’ म्हणजे फक्त गोरे पुरुष. बायकांना मत नव्हतं, तिथल्या मूळच्या काळ्या माणसांनाही नव्हतं. या गोऱ्यांना बोअर म्हणत. बोअर म्हणजे शेतकरी.

1886 साली ट्रान्सवालमध्ये सोनं सापडलं आणि इंग्रजांची नजर तिकडे वळली. 1895 च्या अखेरीस जेमसन नावाच्या अधिकाऱ्याने काहीशे स्वार घेऊन ट्रान्सवालवर चाल केली. तो पकडला गेला, पण अध्यक्ष पॉल क्रुगर सावध झाले. सोन्याच्या पैशातून त्यांनी जर्मनीहून हजारो मौझर बंदुका आणि फ्रान्सहून मोठ्या तोफा मागवल्या. 1897 मध्ये दोन्ही राज्यांनी करार केला, की एकावर संकट आलं तर दुसऱ्याने धावून जायचं.

पगारी फौज जवळजवळ नव्हतीच. 16 ते 60 वयाचा प्रत्येक बोअर पुरुष हा शिपाई. बोलावणं आलं की घोडा, बंदूक, काडतुसं आणि आठ दिवसांची शिदोरी घेऊन निघायचं. शिदोरी कोण बांधत होतं, हे तुम्हांला सांगायला नको. मांसाच्या पट्ट्या मीठ लावून वाळवायच्या, पाव कडक भाजून टिकाऊ करायचे. युद्धाची वेळही शेतकऱ्याच्या हिशेबानेच धरली. पाऊस पडू दे, माळावर घोड्यांपुरतं गवत उगवू दे. तोवर इकडे हिंदुस्थानातूनही गोऱ्या पलटणी जहाजाने निघाल्या होत्या. 11 ऑक्टोबर 1899 ला युद्ध पेटलं.

सुरुवातीला बोअरांची सरशी झाली. मग इंग्रजांची लाखोंची फौज उतरली आणि दोन्ही राजधान्या पडल्या. तरी बोअर गनिमी काव्याने लढत राहिले. त्यांना अन्न मिळतं ते शेतावरच्या घरांतून, हे इंग्रजांनी हेरलं आणि घरंच जाळायला घेतली. सुमारे 30,000 घरं जळाली. उभी पिकं गेली, गुरं-मेंढ्या मारल्या. बायका-मुलांना तंबूंच्या छावण्यांत कोंडलं. अपुरं अन्न, घाण पाणी, गोवर आणि विषमज्वर. 26,000 हून जास्त बोअर बायका-मुलं मेली, त्यांत बहुतेक लहान मुलंच. लढाईत पडलेल्या बोअर पुरुषांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. काळ्या कुटुंबांना वेगळ्या छावण्यांत ठेवलं. तिथेही किमान 14,000 जीव गेले, आणि त्यांची तर नोंदही नीट ठेवली नाही.

एमिली हॉबहाउस नावाची इंग्रज बाई 1901 मध्ये या छावण्या पाहून गेली. आपल्याच सरकारविरुद्ध बोलायला ती कचरली नाही. युद्धानंतर तिने परत जाऊन 1905 साली फिलिपोलिस गावात मुलींसाठी सूतकताई आणि विणकामाची शाळा काढली. घर पुन्हा उभं राहायचं तर हाताला काम हवं, हे तिला कळलं होतं.

मैत्रिणींनो, बोअरांच्या तयारीत बंदुका मोजल्या, काडतुसं मोजली, घोड्यांचं गवतसुद्धा पाहिलं. पण युद्ध उंबऱ्याशी आलं तर घरातल्यांनी खायचं काय, मुलांना न्यायचं कुठे, याचा हिशेब कोणी मांडला? अनेक बोअर बायका स्वतःही लढाईच्याच बाजूच्या होत्या. त्यांना विचारलं असतं तर कदाचित त्यांनीही ‘लढा’ म्हटलं असतं. पण धान्य कुठे ठेवायचं, औषध कुठून आणायचं, हेही त्यांनी विचारलं असतं. आणि काळ्या बायकांना तर ना राज्य विचारत होतं, ना साम्राज्य.

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे नुसती सही करून उठू नका. गावाचा कोणताही मोठा निर्णय असो, एक प्रश्न जरूर विचारा: याचा भार कोणाच्या डोक्यावर येणार, आणि तिला विचारलं का?