सरांचा अडकित्ता आणि माझ्या होडीचा दांडा
(स्नेहसंमेलनातील भाषण)



‘निवृत्तीनंतर काय करतोस’ यावर दहा मिनिटं बोल, असं मला सांगितलंय. मी शिडाची होडी चालवतो. ३१ फुटी, जुनी घेतलेली. पण आज बोलणार आहे तिच्या एका दांड्याबद्दल. कारण त्या दांड्याचा फटका खाल्लेला माणूस तिसऱ्या रांगेत बसला आहे. माझ्याच बाकावरचा. नाव घेऊ नकोस म्हणून त्याने बजावलंय.

शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. एक टोक डोलकाठीला जोडलेलं, दुसरं मोकळं. वारा मागून असला की बूम एका बाजूला पूर्ण बाहेर काढतात. अशा वेळी होडी थोडी जास्त वळली, की वारा शिडाच्या मागच्या कडेत शिरतो आणि बूम एका क्षणात या बाजूची त्या बाजूला जाते. मध्ये डोकं असेल तर डोकं.

खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात पाठ केले होते. मुंबईहून गोव्याकडे जाताना ते अंगावर येतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून वारा, दुपारी वायव्येचा. दक्षिणेला निघालेल्या होडीला तो जवळजवळ पाठीमागूनच लागतो. म्हणजे धोक्याचा वारा तोच, आणि सुखाचाही तोच. होडी डुलत जाते, माणसं सुस्तावतात.

त्या दुपारी मी सुकाणू याच्या हातात दिलं आणि चहा करायला खाली उतरलो. जयगडचा किल्ला दिसू लागला म्हणून हा उभा राहिला. बस. खांद्यावर फटका, गळ्याजवळचं हाड मोडलं. वीतभर वर बसला असता तर आज मी इथे बोलत नसतो. इंजिन लावून जयगडच्या खाडीत शिरलो, तिथून गाडीने रत्नागिरी. वाटेत हा मला म्हणाला, “चहा सांडला का रे?”

चूक माझी होती. बूम बांधून ठेवायचा दोर, प्रिव्हेंटर, होडीवर होता. पिशवीत! तो बूमच्या टोकापासून नाळेपर्यंत नेऊन बांधायचा, त्यासाठी पुढे जावं लागतं, आणि मी कंटाळलो होतो.

मग महिनाभर अभ्यास केला. इथे आपल्या विज्ञानाच्या सरांचा अडकित्ता आठवला. दुसऱ्या प्रकारची तरफ! टेकू डोलकाठीपाशी, वाऱ्याचा भार साधारण मध्ये, आणि आपण धरायचं ते टोकाला. प्रिव्हेंटर टोकाऐवजी मधोमध बांधला तर दुप्पट ताण येतो, आणि बूम तिथेच वाकू शकते. मी पूर्वी मधोमधच बांधायचो, सर. तुमचे मार्क परत घ्या.

दुसरा पर्याय बूम ब्रेक. बूमखाली एक धातूचा तुकडा टांगलेला असतो, त्याला दोराचे वेढे देऊन दोराची दोन टोकं होडीच्या दोन्ही कडांना नेतात. विचार्ड कंपनीच्या ब्रेकमध्ये तर हलणारा भागच नाही, सगळं काम घर्षणाचं. उधळलेल्या बैलाचं दावं खुंट्याला दोन वेढे देऊन एकटा म्हातारा धरायचा, ते आपण पाहिलंय. घर्षणांक पाव धरला तर एका वेढ्याला आपली ताकद पावणेपाच पट होते, दोन वेढ्यांना जवळजवळ २३ पट. दोर ताणला की बूम जड होते, सैल सोडला की हलकी. ती थांबत नाही, पण सावकाश जाते. ब्रेकही मधोमधच टांगतात, पण तो दोर सरकू देतो, त्यामुळे बूमवर ताण एका मर्यादेतच राहतो.

खोल समुद्रात, दिवसचे दिवस एकाच दिशेला जायचं असेल तर मी प्रिव्हेंटरच बांधीन, तोही असा की त्याचं टोक सुकाणूपाशी येईल. कारण बांधलेल्या शिडात उलटा वारा भरला की होडी आडवी कलते, आणि अशा वेळी पुढे जाऊन गाठ सोडणं कुणाला जमायचं? पण आपल्या किनाऱ्यावर वेगळीच अडचण. समोर अचानक जाळ्यांचे बोये दिसतात आणि ताबडतोब वळावं लागतं. बूम बांधलेली असेल तर वळणार कसं? शिवाय माझ्या होडीवर येणारे तुम्ही लोक. तुम्हाला शिस्त लावणं इथल्या कुणालाच जमलेलं नाही. म्हणून ब्रेक घेतला. तो कायम लावलेला असतो, पिशवीत जात नाही.

अनुभवी माणसांचीही यातून सुटका नाही. फ्रान्सचा एरिक ताबार्ली, आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस. जून १९९८मध्ये रात्री त्याच्याच जुन्या होडीवर शिडाच्या वरच्या दांड्याचा फटका बसून तो समुद्रात पडला आणि गेला. ते वाचल्यापासून ब्रेक असूनही मी एक नियम केलाय: मागचा वारा असताना कुणी उभं राहायचं नाही, आणि चहा दुसऱ्याने करायचा.

ब्रेकचा दोर घासून गुळगुळीत होतो, मग पकड कमी होते. या दिवाळीत नवा घातला. जानेवारीत पुन्हा गोव्याला निघतोय. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी येतो म्हटलंय, पण सुकाणू नको, ब्रेकचा दोर माझ्या हातात दे, अशी अट आहे. अट मान्य. अजून दोन जागा रिकाम्या आहेत.