पांढरी तीनमधलं व्हायोलिन

अलिबाग, रेवदंडा, मुरूडच्या भजनी मंडळांत पेटीवाल्याला गायकाची पट्टी आधी विचारावी लागते. संगीतकार मेंडेल्सनची व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, ऐकतानाही तिथूनच सुरुवात करू. हिची पट्टी पांढरी तीन. 1845 साली लाइपझिगला ती पहिल्यांदा वाजली.

सुरुवातीचे स्वर आपल्या आसावरी थाटाच्या जवळचे, म्हणून आर्त वाटतात. पण लय द्रुत आहे, त्यामुळे ते दुःख स्वस्थ बसत नाही. लांब प्रस्तावनेची वाट न पाहता व्हायोलिन जवळजवळ लगेचच बोलू लागतं.

आपला षड्ज मैफलभर ढळत नाही. इथे मात्र तो सरकतो. पहिला भाग संपतो, तरी बासून हे फुंकवाद्य एकच स्वर, नव्या षड्जाचा निषाद म्हणा, धरून ठेवतं. मग अर्ध्या स्वराने वर चढतं आणि आपण पांढरी एकमध्ये, बिलावलाच्या शांत प्रदेशात पोहोचतो. मला साऱ्या रचनेत हीच जागा सर्वांत सुंदर वाटते. टाळ्यांनाही तिथे फट नाही. शेवटी पुन्हा पांढरी तीन, पण आता शुद्ध गंधारासह, अवखळ चालीत.

व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन 1952 साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले. त्याच वर्षी त्यांनी वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंग्लर आणि बर्लिन फिलहार्मनिकसोबत ही कन्चेर्टो ध्वनिमुद्रित केली. दुसऱ्या भागाची लय तिथे जरूर ऐका.