चित्र फिकं का दिसतं? आधी भिंतीकडे बघा

आम्ही केळशीच्या महिला गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, हे काय बायकांचं काम? पण ऐकून घ्या. हल्ली गावोगाव प्रोजेक्टर आला आहे. कुठे शाळेत आहे, कुठे पंचायतीत, कुठे एखाद्या गटाने स्वतः घेतला आहे. त्यावर आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे दाखवतात, बाळाची कावीळ कशी ओळखायची ते दाखवतात, बँकेचा अर्ज कसा भरायचा ते दाखवतात. आणि पुष्कळ ठिकाणी एकच तक्रार असते. चित्र फिकं दिसतं, मागच्या बायांना काही कळत नाही.

सगळ्यांचा पहिला सल्ला ठरलेला. रात्री दाखवा. पण रात्री आपल्यातल्या किती जणी येऊ शकतात? स्वयंपाक, मुलांची जेवणं, म्हाताऱ्या माणसांची औषधं, आणि मग बॅटरी घेऊन पाखाडी उतरायची. आपली वेळ म्हणजे दुपारी दोन ते चार. भांडी झाली, संध्याकाळचं काम अजून लागायचं आहे. म्हणजे भर दुपारी अंधार करायचा आहे.

दुसरा सल्ला मिळतो, मोठा प्रोजेक्टर घ्या. थांबा. पैसे काढायच्या आधी खोली बघा. कारण पुष्कळदा मशीन कमी पडत नसतं. मशीनचाच प्रकाश पडद्यावरून भिंतीवर जातो आणि भिंतीवरून परत पडद्यावर येऊन चित्र पुसतो.

हे कसं होतं ते सांगतो. प्रोजेक्टर पांढरं फेकतो, लाल फेकतो, हिरवं फेकतो. काळं मात्र त्याला फेकता येत नाही. चित्रात जिथे काळं आहे, म्हणजे केस, डोळ्यातली बुबुळं, अक्षरं, तिथे तो जवळजवळ प्रकाशच टाकत नाही. ती जागा अंधारात राहते, म्हणून काळी दिसते. त्या जागेवर दुसरीकडून थोडा जरी उजेड आला, तरी काळ्याचं राखाडी होतं. आणि काळं गेलं की चित्राचा जीव गेला. पानावरचा करपा आणि सावली यांतला फरक दिसत नाही, अक्षरं धुरकट होतात.

हा दुसरा उजेड कुठून येतो? खिडकीतून येतो, हे कळतं. ती आपण लावून घेतो. पण पडद्यावर पडलेला प्रकाश पडद्यावरच थांबत नाही. तो चारी बाजूंना उधळतो. बाजूच्या भिंतींवर जातो, वर छतावर जातो, खाली फरशीवर जातो. हे सगळं पांढरं असेल तर तिथून तो परत येतो. दुपारी बाराला पुळणीवर उभं राहून बघा. डोक्यावर छत्री असली तरी तोंड भाजतं, कारण ऊन खालच्या वाळूवरूनही वर येतं. खोलीत तसंच होतं.

आपण दिवाळीआधी घराला चुना देतो. चुना दिला की एका दिव्यात खोली उजळते. ताज्या पांढऱ्या भिंतीवर शंभर वाटे प्रकाश पडला, तर साधारण ऐंशी वाटे ती परत देते. घरासाठी हा मोठा गुण. पण चित्र दाखवायचं असलं की हाच गुण आड येतो. काळं, बिनचकाकीचं सुती कापड शंभरातले पाच-दहा वाटेच परत देतं, बाकीचे गिळून टाकतं. मखमल तर त्याहून जास्त गिळते, कारण तिच्या लवेत प्रकाश अडकून बसतो. मुंबई-पुण्याचे हौशी लोक घरात थिएटर करतात, तेव्हा भिंतीच नव्हे तर छतही गडद रंगवतात ते यासाठीच.

पांढऱ्या कापडाची ही ताकद एका मराठी बाईने फार आधी वापरली होती. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. त्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पहिल्यापासून होत्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे, शिवाय फिल्म धुण्याचं आणि तिला भोकं पाडण्याचं कामही त्यांनी केलं. तेव्हा चित्रीकरण उन्हात चालायचं, आणि नटांच्या तोंडावर उजेड वळवण्यासाठी त्या पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत, असं सांगतात. चित्र घेताना उजेड हवा, म्हणून पांढरं धरायचं. चित्र दाखवताना जादा उजेड नको, म्हणून गडद धरायचं. नियम एकच.

आता काम. आधी परीक्षा घ्या, खर्च मागाहून. दारं-खिडक्या लावा. प्रोजेक्टरवर असं चित्र ठेवा, ज्याचा अर्धा भाग पांढरा आणि अर्धा काळा आहे. मोबाइलवरून कुणीही कॉलेजातली मुलगी ते करून देईल. सगळ्या जणी काळ्या भागाकडे बघा. मग दोघींनी एक गडद साडी पसरून पडद्याला लागून असलेल्या भिंतीपाशी धरा. काळा भाग आणखी काळा झाला का? मग साडी दुसऱ्या भिंतीला न्या. मग बांबूवर टाकून छताशी धरा. मग फरशीवर अंथरा. जिथे फरक जास्त पडला, तिथे आधी कापड लावायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सगळ्या जणींना डोळ्यांनी पटतं.

दुसरी परीक्षा बसून घ्यायची. प्रेक्षक बसतात तिथे बसा आणि बघा, पडद्याशिवाय आणखी कशात चित्र दिसतंय? फोटोच्या काचेत दिसेल, कपाटाच्या दारात, पाण्याच्या स्टीलच्या पिंपात, गुळगुळीत फरशीत. चकाकणारं जे जे असेल, ते हलवा नाहीतर झाका. देवाचा फोटो हलवायचा नसेल तर काचेवर पातळ रुमाल टाका. आणि लक्षात घ्या, चकाकणारा काळा रंगही कामाचा नाही. काळा ऑईलपेंट आरशासारखा वागतो. कापड असो की रंग, चकाकी नको.

सगळी खोली झाकायची गरज नाही. पडद्याच्या जवळचे सहा-सात फूट सगळ्यात जास्त त्रास देतात. तेवढे झाकले तरी मोठा फरक पडतो. मागच्या भिंतीचं नंतर बघता येईल.

कापड विकत आणू नका, घरात असतं. आमचा हिशोब असा. सहावारी साडी म्हणजे अठरा फूट. ती दोरीवरून मधोमध टाकली की दुहेरी होते आणि नऊ फूट खाली येते. रुंदी पावणेचार फूट धरा. म्हणजे दोन साड्यांत साडेसात फूट भिंत झाकली. दोन भिंतींना चार साड्या, छताजवळ दोन, खाली एक गडद सतरंजी. जुनी, सुती, बिनजरीची साडी घ्यायची. नायलॉन चमकतं, जर तर चमकतेच. छताला साडी बांधताना पंख्यापासून लांब बांधा, आणि त्या बाजूच्या पंख्याचं बटण चिकटपट्टी लावून बंदच ठेवा.

इथे एक प्रश्न हमखास निघतो. सभागृहात सत्यनारायण होतो, लग्नं होतात, तिथे काळं कसं लावायचं? एक तर हे कापड दोन तासांपुरतं आहे, रंग नव्हे. दुसरं, अगदी काळंच हवं असं नाही. गडद तपकिरी, गडद निळा, बाटलीचा हिरवा, कुठलाही खोल रंग चालतो. आणि काकू, संक्रांतीला आपण चंद्रकळा हौसेने नेसतोच की!

मात्र भडक रंग टाळा. गुलाबी किंवा पोपटी भिंतीवरून परत येणारा प्रकाश तोच रंग घेऊन येतो. मग पडद्यावरची माणसं गुलाबी नाहीतर हिरवट दिसतात. गाण्याचा कार्यक्रम असेल तर चालून जाईल. पण अंगात रक्त कमी असलं की पापणीची आतली बाजू फिकी दिसते, बाळाच्या डोळ्यांत पिवळेपणा येतो, हे शिकायचं असेल तर रंग खराच दिसायला हवा. चुकीचा रंग बघून गेलेली बाई घरी जाऊन चुकीचं ओळखेल. म्हणून हे काम शोभेचं नाही.

आपली जुनी कोकणी घरं या कामाला फार चांगली, हे ऐकून नवल वाटेल. माजघरात खाली सारवलेली जमीन, वर धुराने काळवंडलेले वासे आणि कौलं, कमरेपर्यंत गेरू. प्रकाश परत द्यायला जागाच कमी. पंधरा-वीस जणींची बैठक असेल तर नव्या स्लॅबच्या सभागृहापेक्षा असं माजघर बरं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर कितीतरी घरांची कौलं उडाली. काहींनी नंतर पत्रे घातले. नवा पत्रा आतून चकाकतो. तिथे पडद्याच्या वरच्या भागात गोणपाट ताणून बांधलं तरी काम होतं.

आता पडद्याचं. पातळ चादर लावली तर प्रकाश तिच्यातून आरपार जातो, मागच्या पांढऱ्या भिंतीवर आपटतो आणि पुन्हा पुढे येतो. एकावर एक दोन चित्रं दिसल्यासारखं होतं. जाड पांढरी चादर घ्या, इस्त्री करा, चारी बाजूंनी ताणून बांधा आणि तिच्या मागे एक गडद कापड सोडा. कडेने चार बोटं रुंद काळी पट्टी शिवली तर चित्राबाहेर सांडणारा प्रकाश ती गिळते.

चित्र उगाच मोठं करू नका. आठ फूट रुंदीचं चित्र सहा फुटांवर आणलं, तर तोच प्रकाश कमी जागेत पडतो आणि चित्र जवळजवळ पावणेदोन पट उजळ होतं. बायांना थोडं पुढे सरकून बसवा. आपल्या गटाने स्वतः तक्ते तयार केले असतील आणि खोली चांगली अंधारी झाली असेल, तर काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवा. पांढरं पान लावलं की खोलीत फार प्रकाश उधळतो. पण खोलीत दिवसाचा उजेड शिरत असेल, तर पांढऱ्यावर काळी अक्षरंच वाचता येतात.

आता जपण्याच्या गोष्टी. या सोडून चालणार नाही. प्रोजेक्टर गरम होतो आणि त्याच्या बाजूने गरम वारा बाहेर पडतो. त्या वाऱ्याच्या वाटेत कापड नको, चारी बाजूंनी निदान हातभर जागा मोकळी ठेवा. दारावरचा पडदा खिळ्यांनी ठोकू नका, चिमट्यांनी लावा, म्हणजे एका ओढीत निघेल. दाराला आतून कडी नको. वायर सतरंजीखालून नेऊ नका, भिंतीच्या कडेने न्या. खिडकी बंद करून वर कापड लावलं तर एप्रिल-मे महिन्यात जीव घाबरतो. त्यापेक्षा उन्हाची बाजू सोडून दुसरीकडची खिडकी उघडी ठेवा आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर, चारी बाजूंनी जास्त येणारं कापड सोडा. वारा येतो, उजेड अडतो. वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडून थोडी विश्रांती घ्या. मुलांना प्रोजेक्टरच्या भिंगात डोकावू देऊ नका. आणि दाराजवळ, बायांच्या पाठीमागे, जमिनीकडे तोंड केलेला एक बारीक दिवा ठेवा. पूर्ण काळोखात काही जणींना भीती वाटते, कुणाला मध्येच उठावंही लागतं.

कापडांना खूण करून ठेवा. डाव्या भिंतीच्या साडीला एक टाका, उजवीच्या दोन, छताच्या तीन. पुढच्या वेळी शोधाशोध नको. पावसाळ्यात आपल्याकडे कापडाला बुरशी धरते. काम झालं की उन्हात घालून, घडी करून, सुक्या डब्यात ठेवा.

शेवटी एक सांगायचं आहे. मागे बसलेल्या बाईला दिसलं नाही, तर ती उठून सांगत नाही. तिला वाटतं, आपलाच डोळा अधू, आपल्यालाच कळत नाही. ती गप्प बसते आणि पुढच्या बैठकीला येत नाही. म्हणून चित्र सुरू करण्याआधी, बैठक घेणारीने स्वतः सगळ्यात मागे जाऊन, जमिनीवर बसून बघायचं. पडद्यावरची सगळ्यात लहान ओळ तिथून वाचता आली तरच सुरुवात करायची.

येत्या बैठकीत ती अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या चित्राची परीक्षा करून बघा. तुमच्या खोलीत कुठल्या जागेने जास्त त्रास दिला, भिंतीने, छताने की फरशीने, ते आपल्या रेडिओला कळवा. आम्ही ते सगळ्या गटांना वाचून दाखवू.