नीळ, रबर आणि शेजार
(मंडळाच्या वर्धापनदिनी मुलुंड येथे केलेले भाषण)



मला ‘आदर्श गृहव्यवस्था’ या विषयावर बोलायला सांगितले होते. पण गेले दोन महिने माझ्या डोक्यात नळाखेरीज दुसरे काही नाही. तेव्हा नळावरच बोलते, रागावू नका.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक परिचारिका राहतात. रात्रपाळी करून सकाळी नवाच्या सुमारास घरी येतात. मार्च महिन्यात तीन-चार वेळा असे झाले की, त्या दमूनभागून याव्यात आणि नळाला टिपूस नसावा! गच्चीवरची टाकी रात्री तर भरलेली असे. मग पाणी जाई कुठे? आम्ही सगळ्यांनी मिळून तळमजल्यावरच्या बिऱ्हाडावर संशय घेतला. त्यांच्याकडे बाळंतीण होती, धुणे फार निघे. मीही त्यांना दोन शब्द सुनावले.

आणि चोर निघाला आमच्याच घरात! संडासाच्या फ्लशच्या टाकीतून रात्रंदिवस बारीक पाणी भांड्यात उतरत होते. ना आवाज, ना थेंब दिसे. हे ओळखायचे कसे, ते सांगते. टाकीत चमचाभर नीळ टाकावी आणि अर्धा तास फ्लश ओढू नये. भांड्यातले पाणी निळे दिसू लागले की समजावे, तळाचे रबर गेले.

ही युक्ती मला एका प्लंबरनेच शिकवली. पण तो तिसरा. पहिल्याने पाहिले न पाहिले आणि ‘सगळे नवे बसवा, फरशीही फोडावी लागेल’ असे सांगितले. दुसरा ‘येतो, येतो’ म्हणत आठवडाभर आलाच नाही. तिसऱ्याने आधी पैसे सांगितले, मग रबर बदलले आणि जुने माझ्या हातावर ठेवले. अगदी काष्ठ झाले होते. खर्च म्हणाल तर एका वेळच्या भाजीइतका. तळमजल्यावरच्या सासूबाईंची मी त्याच संध्याकाळी माफी मागितली. त्या इथेच बसल्या आहेत आणि हसत आहेत.

खरी अडचण हीच आहे. एका वायसरसाठी कोणी कारागीर येत नाही, त्याला ते परवडत नाही. म्हणून आपण नळाखाली बादली ठेवतो आणि विसरतो. बोरिवलीच्या पलीकडे, मीरा रोडला, लेखक व चित्रकार आबिद सुरती यांनी २००७ साली यावर साधा उपाय काढला. बरोबर एक प्लंबर घ्यायचा, एक स्त्री कार्यकर्ती घ्यायची आणि दर रविवारी घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करायचे. स्त्री बरोबर असली की घरातल्या बाया दार उघडतात, हे त्यांनी बरोबर ओळखले. पहिल्या वर्षात १,६६६ घरे झाली आणि ४१४ नळ दुरुस्त झाले. नळामागे हजार लिटर धरून त्यांनी ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचल्याचा हिशेब मांडला.

आपले पाणी येते कुठून, हेही एकदा आठवावे. तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. त्याचे मोठे नळ आपल्या मुलुंडवरूनच पुढे जातात, मुले त्यांच्या कडेने खेळतात. तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. त्या बायका हंडा डोक्यावर घेऊन चालतात, आणि मी महिनाभर त्यांच्याकडचे पाणी संडासात सोडत होते. हे कळल्यापासून मला रात्री नळाचा आवाज आला की उठून बसावेसे वाटते. यजमान म्हणतात, वेड लागले!

आपल्या मंडळाने असा एक रविवार सुरू करावा, असे मला वाटते. त्या तिसऱ्या प्लंबरशी मी बोलले आहे. एका इमारतीतली दहा-बारा कामे एकदम मिळाली तर तो ठरल्या दराने यायला तयार आहे. अट माझी एकच: बदललेला प्रत्येक भाग त्याने घरच्या बाईच्या हातात द्यायचा. बरोबर आपल्यापैकी दोघी जातील. जमले तर वायसर बदलायला आपणही शिकू; पान्हा काही पोळपाट-लाटण्याहून अवघड नाही.

दाराशी वही ठेवली आहे. चहा घेण्याआधी इमारतीचे नाव आणि गळके नळ किती, तेवढे लिहा. नीळ मी पुड्या बांधून आणली आहे. जाताना एकेक घेऊन जा.