प्रवासातील शिदोरी

(संस्थेच्या स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून खाण्यापिण्याविषयी काय बोलायचे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु सकाळच्या एस.टी.ने आन्वा, हसनाबाद, राजूर या बाजूंनी भोकरदनला येणारी मुले आपण रोज पाहता. निघताना चहा, मधल्या सुटीत बिस्किटांचा पुडा, आणि घरी जाऊन जेवेपर्यंत दुपार टळलेली असते. मी स्वतः नोकरीची कितीतरी वर्षे जालन्याच्या गाडीत अशीच काढली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी विचारले, "दिवसभरात काय काय खाता?" सांगू लागलो, तेव्हा माझे मलाच उमगले की, दोन वेळचे जेवण सोडले तर माझ्या पोटात जात होते ते मैदा आणि साखर!

केवळ बिस्किटांनी मधुमेह होतो, असे मी म्हणत नाही. त्याला आनुवंशिकता, वजन, बैठे काम अशी अनेक कारणे असतात. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी असल्याचे आढळले. याच पाहणीवर आधारलेल्या 2025 च्या निष्कर्षांनुसार आपल्या आहारातील सुमारे 62 टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थ व साखर यांतून येतात. प्रथिनांचा वाटा मात्र थोडा असतो. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम प्रथिने लागतात.

आता खिशातल्या खाऊचा हिशोब पाहा. 50 ग्रॅम गोड बिस्किटांत प्रथिने जेमतेम 3 ते 4 ग्रॅम आणि पिष्ट व साखर मिळून 35 ग्रॅमच्या पुढे. उलट एका उकडलेल्या अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असून पिष्ट जवळजवळ नाहीच. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांतून 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. शेंगदाण्यात तेल बरेच असते, म्हणून मूठ एकच असावी. आपले फुटाणे चांगलेच; पण त्यांत निम्म्याहून अधिक भाग पिष्टाचा असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून नुसते फुटाणे खाण्यापेक्षा त्यांत निम्मे शेंगदाणे मिसळावेत.

सर्वांत स्वस्त आणि भरघोस प्रथिने सोयाबीनमध्ये आहेत. आपल्या जिल्ह्यात शेतोशेती सोयाबीन पिकते, पण ते बाजारात जाते, घरच्या डब्यात येत नाही! ते कच्चे खाऊ नये, पचत नाही. रात्री भिजत घालावे, सकाळी पाणी बदलून वीस मिनिटे उकळावे, फडक्यावर कोरडे करावे आणि लोखंडी कढईत मंद आचेवर हळद-मीठ लावून कुरकुरीत होईपर्यंत भाजावे. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की आठवड्याचा खाऊ तयार.

घरी शामी कबाब होतात, त्यांतून दोन मुलांच्या डब्यात अवश्य द्यावेत. हरभऱ्याची डाळ थोडी कमी आणि खिमा थोडा जास्त घेतला की पिष्ट आणखी घटते. मांसाहार न करणाऱ्यांना पनीरचे तुकडे किंवा मोड आणून वाफवलेली मटकी आहे. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात कबाब, पनीर, मटकी आणि उकडलेली अंडी तासाभराच्या आत संपवावीत. लांबच्या प्रवासात कोरडा खाऊच बरा. बुरशी धरलेले किंवा काळे पडलेले दाणे निवडून फेकून द्यावेत, आणि अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात.

बाजारातून पाकीट घ्यावयाचे झाल्यास पुढच्या बाजूवरील 'प्रोटीन' या मोठ्या शब्दावर भुलू नये. पाकीट उलटे करून 100 ग्रॅममध्ये प्रथिने किती, कार्बोहायड्रेट किती आणि वरून घातलेली साखर किती, हे तीन आकडे वाचावेत. वाचता येण्याचा हाही एक उपयोग आहे!

एक सावधगिरीची सूचना. जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि वाढत्या वयाच्या मुलांची भाकरी तोडू नये. तोडायचा आहे तो बिस्किटांचा पुडा.

माता-भगिनींनो, भुकेलेला माणूस स्टँडवर उभा राहून विचार करीत नाही; समोर टांगलेली पुडी तो तोडतो आणि खातो. म्हणून निवड घरातून निघण्यापूर्वीच झाली पाहिजे. रात्री भांडी आवरताना एक लहान डबी भरून दप्तरात ठेवावी, त्याला दोन मिनिटे पुरतात. ही दोन मिनिटे मी माझ्या तरुणपणी काढली नाहीत. आज रोज गोळी घेताना त्यांची आठवण होते. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.