कुंचला शिष्यांच्या हाती

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



संविधानाची उद्देशिका आपल्या शाळांतून नित्य म्हटली जाते. मूळ इंग्रजी प्रतीतील तिच्या पानाचे छायाचित्रही आपण पाहिले असेल. त्या पानाभोवतीच्या नक्षीत, खाली उजव्या कोपऱ्यात, देवनागरीत एक लहानशी सही आहे : ‘राम’. ही सही जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. त्या वेळी त्यांनी नुकतीच विशी गाठली होती. मूळ प्रत सजविण्याचे काम सोपविले होते शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख आचार्य नंदलाल बोस यांच्याकडे. देशाच्या सर्वोच्च दस्तऐवजातील एवढे महत्त्वाचे पान गुरूने शिष्याच्या हाती दिले. असे का केले असावे, याचा शोध घेऊ लागलो की वाट आपल्या महाराष्ट्रातून जाते.

इ. स. 1909 मध्ये लेडी हेरिंगहॅम या ब्रिटिश चित्रकर्त्रीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम आरंभिले. त्यांच्या साहाय्यासाठी कलकत्त्याहून व हैदराबादहून तरुण चित्रकार आले. सत्तावीस वर्षांचे नंदलाल त्यांच्यापैकी एक. अजिंठ्याच्या कलावंतांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. अनेक हातांनी केलेले ते काम. त्याच्या प्रतिकृतीही अनेक हातांनीच झाल्या. शेजाऱ्याची रेषा पाहून आपली रेषा सुधारावी, हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाले नसते.

दुसरा मुक्काम फैजपूर. डिसेंबर 1936 मध्ये राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तेथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. नगराची सजावट नंदलालबाबूंनी करावी, असा गांधीजींचा आग्रह होता. आपण चित्रकार, बांधकामातले जाणकार नव्हे, म्हणून ते प्रथम कचरले. परंतु अखेरीस आले. अट एकच : जे गावात मिळेल तेच वापरावयाचे. बांबूसारख्या साध्या साहित्यातून टिळकनगर उभे राहिले. वास्तुरचनाकार म्हात्रे आणि खानदेशातील कारागीर यांच्या खांद्याला खांदा लावून एक चित्रकार राबला. चित्रकाराला बांबूची जात कळत नाही आणि बुरुडाला संपूर्ण आराखडा दिसत नाही. दोघांनी एकमेकांस विचारल्यावाचून कमान उभी राहत नाही. सहकार्य या शब्दाचा अर्थ मला तरी इतकाच समजतो. (हा शब्द आपल्या परिपत्रकांतून इतका वापरला गेला आहे की त्याचे पाणी उतरले आहे, हे मी माहिती खात्यात असल्यामुळे जाणून आहे.)

अशा अनुभवांतून गेलेल्या गुरूकडे जेव्हा संविधानाचे काम आले, तेव्हा त्यांनी कलाभवनातील तरुणांना सोबत घेतले. इंग्रजी प्रतीचे सुंदर हस्तलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे. भागांच्या आरंभी चित्रे, भोवती नक्षी. निवडणुकांविषयीच्या पंधराव्या भागावर छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह आहेत. सारनाथच्या सिंहमुद्रेचे रेखाटन केले दीनानाथ भार्गव यांनी. तेही ऐन विशीतले, आणि तापीच्या उगमाजवळील मुलताईचे. खरे सिंह कसे बसतात, कसे पाहतात, हे समजून घेण्यासाठी ते कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात वारंवार जात, असे सांगितले जाते. याच मंडळीतील कृपालसिंह शेखावत यांनी पुढे जयपूरच्या निळ्या मातीकामाला नवजीवन दिले आणि अनेक कारागिरांना मार्ग दाखविला. त्यांना नेतृत्वाचा निराळा अभ्यासक्रम कोणी शिकविला नव्हता. तरुणपणीच त्यांच्यावर मोठ्या, सामायिक कामाचा भार टाकण्यात आला होता.

आता आपल्या शाळांकडे वळू. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती रंगपेटी दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र परीक्षेत प्रत्येक जण आपापल्या कागदापुरता असतो, आणि तसाच असावयास हवा. सामायिक कामाची संधी उरते ती स्नेहसंमेलनात. तेथे आपण काय करतो? पोशाख भाड्याने आणतो, नाच बसविण्यास शहरातून माणूस बोलावतो, पडदा चित्रकला-शिक्षक रात्र जागून रंगवितात. मुले फक्त ठरल्या जागी उभी राहतात. कार्यक्रम देखणा होतो, पालक संतुष्ट होतात, आणि ज्यातून मूल काही ठरवावयास शिकले असते तो भाग मोठ्या माणसांनी उरकलेला असतो.

ग्रामपंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. घोषवाक्ये रंगविण्यासाठी आपण पेंटरला फुटाच्या हिशेबाने पैसे देतो. यंदा एक भिंत शाळेला द्यावी. विषय मुलांनी गावात हिंडून, वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावा. पेंटरला काम नाकारू नये. चुना कसा खलावा, शिडी कशी लावावी, हे त्यानेच मुलांना दाखवावे. कोणी आराखडा करील, कोणी रंगांचा हिशेब ठेवील, भांडणे मिटविणारे एखादे मूलही आपोआप पुढे येईल. ते बहुधा वर्गात पहिले येणारे नसेल. शिक्षकांनी शिडीवर चढण्याचा मोह टाळावा. भिंत बिघडेल, अशी शंका काहींच्या चेहऱ्यावर मला दिसते आहे. बिघडली तर पुढल्या दिवाळीला पुन्हा चुना फासता येतो.

आणि कोपऱ्यात मुलांच्या नावांसाठी वीतभर जागा आठवणीने राखावी. सरपंचांच्या नावाची पाटी इमारतीवर आधीच असते.