मी इगतपुरीला चाललोय, पैसे तुम्ही द्या

(13 ऑक्टोबरच्या निमित्तानं येवल्यात जमलेल्या पोरांपुढं केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



मघापासून इथं तीन भाषणं झाली. तिन्हींत 13 ऑक्टोबर 1935 आला. यायलाच पाहिजे. याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडायचं जाहीर केलं. त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात, गाड्या भरभरून माणसं येतात. पण त्यानंतर आठ महिन्यांनी काय झालं ते कुणी बोललं नाही. 16 जून 1936 ला परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, आराधी, पोतराज यांची सभा भरली. कामाठीपुऱ्यातल्या बायांना बाबासाहेबांनी तोंडावर सांगितलं, आमच्याबरोबर यायचं तर हे जिणं सोडावं लागेल. कडक बोलले. धर्मांतराच्या गोष्टीतच त्यांनी बाजारात बसवलेल्या बायांचा प्रश्न धरला होता. आपण पहिली तारीख पाठ केली, दुसरी विसरलो. दुसरीची जत्रा भरत नाही ना.

मी आज विकल्या गेलेल्या पोरांबद्दल बोलणार आहे. लांबच्या नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या.

2022 च्या पावसाळ्यात इगतपुरी तालुक्यात एका रात्री दहा वर्षांच्या कातकरी पोरीला तिच्या झोपडीबाहेर टाकून माणसं निघून गेली. अर्धमेली होती. सप्टेंबरात नाशिकच्या इस्पितळात ती मेली. नगर जिल्ह्यातल्या एका मेंढपाळाकडं ती मेंढ्या वळायला होती. मग श्रमजीवी संघटनेनं प्रकरण लावून धरलं, गुन्हे दाखल झाले आणि एकेक पोर पुढं यायला लागलं. भाव काय? काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. पेपरवाल्यांनी चार दिवस छापलं. आपल्यातल्या किती जणांनी वाचलं? मीसुद्धा वाचून पेपरात भेळ खाल्ली. खोटं कशाला बोलू.

आता कुणी म्हणेल, कसले आईबाप, पोर विकतात! थांबा. आमच्या घरात 'उचल' हा शब्द नवा नाही. माझ्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणली. आई कांड्या भरायची. माझ्या बहिणीच्या लग्नाला बापानं एका व्यापाऱ्याकडून उचल घेतली. ती फिटेपर्यंत दुसऱ्याचा माग धरायचा नाही, मजुरी वाढवून मागायची नाही. सात वर्षं. साडी मुंबईला गेली, बाप मागावरच. कायद्याच्या भाषेत यालाच वेठबिगारी म्हणतात: कर्जापायी दुसरीकडं काम करायचं, कुठं जायचं स्वातंत्र्य गेलं की झालं. कातकऱ्याकडं तर मागही नाही. दिवाळीनंतर वीटभट्टी, कोळशाची भट्टी. पावसाळ्यात हाताला काम नाही, पातेल्यात दाणा नाही. तेव्हाच उचल देणारा येतो. पोर त्या उचलीचं व्याज. आणि तो मेंढपाळ? तोही काही बंगल्यात राहणारा नव्हे, उन्हापावसात भटकणाराच. म्हणून त्याला सोडायचं असं मी म्हणत नाही. पण खालच्यानं त्याच्याही खालच्याला विकत घ्यावं, ही उतरंड कुणी रचली ते इथं सांगायची गरज नाही.

घटनेच्या 23 व्या कलमानं माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार दोन्ही बंद केले, 1950 साली. वेठबिगारीचा वेगळा कायदा यायला 1976 उजाडलं. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड किती? दोन हजारांपर्यंत. दोन हजारांत मेंढी तरी येते का हो?

पण त्याच कायद्यात आपल्या कामाच्या गोष्टीही आहेत. असलं कर्ज आपोआप रद्द होतं, फेडायचं नाही. प्रांताधिकाऱ्यानं चौकशी करून मुक्तीचा दाखला द्यायचा. जिल्ह्यात आणि प्रांत पातळीवर दक्षता समिती पाहिजे. केंद्राच्या 2021 च्या योजनेत तातडीची मदत तीस हजारांपर्यंत आहे; पुनर्वसनाची पूर्ण रक्कम मात्र आरोपीला शिक्षा झाल्यावर. म्हणजे खटला चालणार वर्षानुवर्षं, साक्षीदार भट्टीवर पांगलेले, आणि पोर पुढच्या आषाढात पुन्हा उपाशी. पुन्हा उचल.

सोडवणं एका रात्रीचं काम आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईतल्या कुंटणखान्यांवर छापे पडले, चारशेहून जास्त मुली सोडवल्या, फोटो आले. त्यातल्या नेपाळी मुलींना घरचा रस्ता धरायला कित्येक महिने लागले, तोवर आश्रयगृहात कोंडून. फोटोवाले तेव्हा नव्हते.

म्हणून मी येत्या सोमवारी इगतपुरीला राहायला जातोय. सिन्नरच्या कारखान्यातली नोकरी सोडली. पोरं सोडवायला नाही, ते करणारे कार्यकर्ते तिथं आहेत, मी त्यांच्या हाताखाली राबणार. माझं काम साधं: दाखल्यासाठी खेटे घालायचे, जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधार, आश्रमशाळेचा प्रवेश, तारखेला साक्षीदार हजर. येवल्याहून येऊन-जाऊन हे होत नाही. करून पाहिलं. पाड्यावर पोचलो तोवर माणसं कामाला निघून गेलेली.

आई म्हणाली, पगार कोण देणार? मी म्हणालो, पोरं देतील. ती हसली. तुमच्यावर तिचा भरवसा नाही, सांगून ठेवतो.

हिशोब ऐका. महिन्याला खोली दोन हजार, खाणं साडेतीन, एस.टी. आणि झेरॉक्स दीड. झाले सात. वर तीन हजार, आईबाप तहसीलला आले की त्यांचा रोज बुडतो, तो भरून द्यायला. या तीन हजारांवर मी अडून बसणार आहे. ते नसतील तर कागद होत नाही. एकूण दहा हजार. शंभर जणांनी शंभर रुपये, दर महिन्याला, दोन वर्षं. एकदाच हजाराची नोट फेकणारा मला नको, हजाराची नोट तशीही बंद झालीय.

मोठा देणगीदार का शोधत नाही, असं परवा एकानं विचारलं. महाडच्या सत्याग्रहासाठी पट्ठे बापूराव तमाशाचे पैसे घेऊन आले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. महार बायांना नाचवून आलेला पैसा नको म्हणाले. आज मला त्यात एक प्रश्न पडतो, त्या नाचणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का? ते वेगळं भाषण होईल. पण पैसा कुठून आला हे बघायचं, ही शिस्त मला पटते. ज्यांच्या भट्टीवर ही माणसं राबतात त्यांच्या पाकिटातून पाड्यावरच्या पोराची वही यायला नको. आणि परदेशी पैसा आला की अहवाल इंग्रजीत जातो, पोराच्या आईला कळत नाही आपल्या नावावर काय लिहिलंय.

माझा हिशोब मराठीत असेल. दर तीन महिन्यांनी इथं येऊन वाचीन, झेरॉक्सच्या पावतीसकट. कुणाला वाटलं मी चहा जास्त पितो, तर तोंडावर म्हणा. पोराचं नाव, फोटो मात्र मागू नका. तुमच्या शंभर रुपयांत ते येत नाही.

वही दाराजवळच्या टेबलावर आहे. पहिलं नाव आईनं लिहायला लावलंय. भरवसा नसून.